मनू, टॅरिफ फिक्स करायचं का?

ऑक्टोबर २०२५

प्रिय मनू,

काल रात्री वीज-गॅसच्या टॅरिफचे तीन स्क्रीनशॉट पाठवलेस आणि खाली एवढंच, "आई, कुठला घेऊ, परवापर्यंत सांग". मी बसमध्ये होते, चष्मा बॅगेत, काही दिसेना. म्हणून आज चहा घेऊन निवांत बसले आणि सगळे आकडे वहीत उतरवून काढले. फोनच केला असता पण फोनवर तुझे बाबा मध्ये बोलतात आणि मग ते २०२१ चं रामायण सुरू होतं, त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

आधी जावईबापूंचा गैरसमज दूर कर. ते त्या दिवशी म्हणत होते ना की ऑफजेमचा, म्हणजे इथल्या वीज-गॅसच्या नियामक संस्थेचा, कॅप १,७५५ पाउंड आहे म्हणजे वर्षाचं बिल त्याच्या वर जाऊच शकत नाही. अगं तसं नसतं ते. कॅप म्हणजे कमाल मर्यादा, ती असते युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्टँडिंग चार्जवर. १,७५५ हा आकडा 'साधारण' घराचा, म्हणजे वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस वापरणाऱ्या घराचा. तुम्ही दिवसरात्र हीटिंग लावून टीशर्टमध्ये फिरलात तर बिल पार कुठेही जाईल, कॅप काही आडवा येणार नाही. आणि हा आकडा दर तीन महिन्यांनी बदलतो, जुलै २०२५ ला १,७२० होता, ऑक्टोबर २०२५ ला १,७५५, नोव्हेंबरच्या शेवटाकडे जानेवारीचा येईल.

आता तुझं घर. आधीच्या मालकीणबाईंच्या जुन्या बिलावर वीज २,००० आणि गॅस ९,००० युनिट दिसतंय, पण त्या एकट्या राहायच्या आणि तुम्ही दोघं, मार्चपासून अडीच, त्यामुळे हे वाढणार हे धरूनच चाल. तरी हिशोबाला तेच घेतले. सध्या तुम्ही कंपनीच्या स्टँडर्ड टॅरिफवर आहात, त्याचा भाव कॅपबरोबर बदलतो, घरात शिरलं की आपोआप तेच लागतं. वीज २६.३५ पेन्स, गॅस ६.२९ पेन्स, आणि स्टँडिंग चार्ज दिवसाला वीज-गॅस मिळून ८८ पेन्सच्या आसपास, म्हणजे काहीही न जाळता वर्षाला ३२० पाउंड, हे मला आजही पटत नाही पण असो. सगळं मिळून १,४१३ होतात. एक वर्षाच्या फिक्समध्ये, म्हणजे वर्षभर युनिटचा भाव बांधलेला, वीज २४.९ आणि गॅस ५.९, स्टँडिंग चार्ज जवळपास तोच, म्हणजे सुमारे ६४ पाउंड वाचतात. दोन वर्षांच्या फिक्समध्ये २६.९ आणि ६.४, म्हणजे आजच्यापेक्षा वर्षाला २१ पाउंड जास्त. तुला तो दोन वर्षांचाच आवडलाय हे मला कळलंय, कारण त्याच्यावरच तू लाल गोल केलायस.

बाबा म्हणतात फिक्सबिक्स काही नको, भाव पडणार आहेत. त्यांना कोणी सांगितलं विचारलं तर म्हणे सगळे म्हणतायत. मनू, गॅसचा भाव कुठे जाईल हे त्या कंपन्यांनाही धड कळत नाही, कळलं असतं तर २०२१-२२ मध्ये तीसच्या आसपास कंपन्या बुडाल्या नसत्या. इथे विजेचा भावसुद्धा बऱ्याच वेळा गॅसच ठरवतो, आणि गॅस जगाच्या बाजारातून येतो, तिकडे कुठेतरी काहीतरी होतं आणि इथे स्लाऊमध्ये आपल्या हॉलमधला थर्मोस्टॅट खाली येतो.

२०२१ चं मी थोडक्यात सांगते, बाबांची व्हर्जन अर्ध्या तासाची आहे. त्यांनी एका छोट्या कंपनीचा दोन वर्षांचा फिक्स शोधून काढला होता, इतका स्वस्त की महिनाभर सगळ्यांना सांगत सुटले होते, मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या लाइनमध्येसुद्धा. मग एक दिवस ईमेल आला, कंपनी बंद. आमचे जमा असलेले पैसे बुडाले नाहीत, नव्या कंपनीने ते खात्यात दाखवले, पण तो दोन वर्षांचा भाव मात्र गेला, नव्या ठिकाणी सरळ स्टँडर्ड टॅरिफ. फिक्स म्हणजे शेवटी कंपनीने दिलेला शब्द, कंपनीच उरली नाही तर शब्द कोण पाळणार? म्हणून कंपनी कोण आहे तेही बघ, नुसते पेन्स बघू नकोस.

आणि त्याच्या पुढच्या वर्षी मी घाबरले. ऑगस्ट २०२२, ऑक्टोबरचा कॅप ३,५४९ जाहीर झाला, त्याच्या आदल्या ऑक्टोबरला तो १,२७७ होता बघ. मी दोन रात्री झोपले नव्हते. समोरच्या अंकलनी घाईघाईत प्रचंड महागडा दोन वर्षांचा फिक्स घेतला आणि मलाही घ्यायला सांगितलं. ८ सप्टेंबरला मी फोन लावून पाऊण तास ते संगीत ऐकत होल्डवर बसले होते आणि तेवढ्यात बातमी आली की सरकार साधारण घराचं बिल २,५०० वर रोखणार. मी फोन ठेवला. संध्याकाळी राणी एलिझाबेथ गेल्याची बातमी आली, म्हणून तो दिवस माझ्या डोक्यात पक्का बसलाय. पुढच्या जुलैपर्यंत कॅप २,०७४ वर आला आणि अंकलना एक्झिट फी, म्हणजे मुदतीआधी सोडायचा दंड, भरून बाहेर पडावं लागलं. माझी हुशारी अजिबात नव्हती हं, लाइन लवकर लागली असती तर मीपण त्यांच्याच होडीत असते.

तर मला काय वाटतं सांगू? मिरजेला आजी उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायची ते तुला अंधुक आठवत असेल. गच्चीवर चादरी टाकून ज्वारी वाळवायची, मग तांदळाला एरंडेल चोळून कोठीत, मध्ये कडुलिंबाचा पाला. दिवाळीत भाव खाली आला तरी तिने कधी कपाळावर हात मारून घेतला नाही, घरात आहे ना, झालं. पण दोन वर्षांचं तिने कधीच भरलं नाही. टोके होतात, आणि पुढच्या वर्षी खाणारी तोंडं किती असतील कोणाला माहीत.

तुमचंही तेच आहे. मॉर्टगेज नवीन, तू मार्चपासून रजेवर, पगार कमी येणार, म्हणजे हा हिवाळा आणि पुढची दिवाळी या काळात तुम्हाला धक्का परवडणार नाही. तेवढं वर्ष बांधून टाक. वर स्वस्तही पडतंय, मग विचार कसला करतेस! दोन वर्षांचं नको, कारण जावईबापू इलेक्ट्रिक गाडी बघतायत. गाडी आली की रात्रीच्या चार्जिंगचे वेगळे टॅरिफ असतात, रात्रीचा युनिट दिवसाच्या पाव-तिसऱ्या हिश्श्यात पडतो, आणि तेव्हा तुम्ही दोन वर्षांच्या खुंटीला बांधलेले असाल तर सुटायला विजेचे ७५ अधिक गॅसचे ७५, दीडशे पाउंड मोजा. एक वर्षाच्या फिक्सला दोन्ही मिळून शंभर आहे, तेही थोडे नाहीत, पण मुदत संपायच्या आधी ४९ दिवस राहिले की कुठलीच कंपनी ते घेऊ शकत नाही, ती तारीख आत्ताच फोनमध्ये टाकून ठेव. नाहीतर तुझ्या बाबांसारखं होईल, मुदत संपून चार महिने झाले तरी स्टँडर्डवर, आणि वर मलाच विचारणार, बिल का वाढलं. आणि हो, सही केल्यावरही चौदा दिवस विचार बदलता येतो, म्हणून परवाची डेडलाइन घेऊन जीव खाऊ नकोस.

डायरेक्ट डेबिट, म्हणजे खात्यातून महिन्याला आपोआप जाणारे पैसे, कंपनीवाले १६५ म्हणतायत ना, ते जास्त आहे, १,४१३ ला बाराने भाग, ११८ येतात. बाळाचं हीटिंग वगैरे धरून १३५ सांग, फोन करून सांग, ऐकतात.

एक काम मात्र आजच कर. दोन्ही मीटरचे फोटो काढून मला पाठव, तारखेसकट, टॅरिफ बदलतानाच्या आकड्यावरून नंतर भांडणं होतात, आम्ही एकदा तीन महिने भांडलोय. तळघरात जावईबापूंना पाठव, तुमच्या त्या लीड्सच्या घरांचे जिने म्हणजे शिडीच, आणि तिथला बल्ब गेलाय असं तूच म्हणालीस. तू उतरू नकोस. फोटो आले की मी आकडे वहीत लिहून ठेवते.

भाजणी आणि मेतकूट शनिवारी पार्सलने पाठवतेय, दाराशी कोणीतरी थांबा.

आई