औषधे चालू, जेवण बंद

महोदय,

चवथ आटोपली किंवा लग्नसराई तोंडावर आली की, झटपट वजन उतरवून देणाऱ्यांच्या जाहिराती पणजीपासून मडगावपर्यंत दिसू लागतात. सांगितलेला आहार बहुधा काकडीचा रस, सूप आणि एखादे फळ एवढाच असतो. दिवसाला ८०० कॅलरींपर्यंतचा आहार वैद्यकशास्त्रात अतिअल्प उष्मांकाचा गणला जातो आणि तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचा असतो. (एकादशी आम्हीही करतो, असे कोणी म्हणेल, पण तिथे साबुदाण्याची खिचडी असते आणि दुसऱ्या दिवशी उपवास सुटतो.)

सुरुवातीला काट्यावर दिसणारी घट बरीचशी पाण्याची असते. पुढे स्नायू झिजतात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि पोटॅशियम व मॅग्नेशियम घसरल्यास हृदयाची लय बिघडते. १९७० च्या दशकात अमेरिकेत केवळ द्रवरूप प्रथिनांवर राहण्याची लाट आली होती, तेव्हा वरकरणी निरोगी असलेल्या स्त्रियाही अशाच बिघाडाने दगावल्या.

गोव्यात हा धोका अधिक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यातच आढळले. ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत घेऊन जेवण मात्र सोडले, तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, गोंधळलेपण आणि वेळीच उपाय न झाल्यास बेशुद्धी, असा तो क्रम असतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला उठून उभे राहताच भोवळ येऊ शकते.

अशा आहाराने मधुमेह आटोक्यात येतो, असे सांगून ब्रिटनमधील २०१७ च्या 'डायरेक्ट' चाचणीचा दाखला दिला जातो. तो खोटा नाही. तिथे दिवसाला सुमारे ८५० कॅलरींवर ठेवलेल्या गटातील ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह वर्षअखेर औषधांविना नियंत्रणात होता. परंतु त्या रुग्णांच्या मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या, इन्सुलिन घेणाऱ्यांना चाचणीत प्रवेशच नव्हता आणि देखरेख नियमित होती, हा भाग जाहिरातीत येत नाही.

अशी शिबिरे व केंद्रे चालवणाऱ्यांनी नाव नोंदवतानाच चालू औषधांची माहिती घ्यावी आणि औषधे घेणाऱ्यांना डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय प्रवेश देऊ नये, असा नियम आरोग्य संचालनालयाने करावा, अशी विनंती आहे.

– एक वाचक, फोंडा