इंपेलर किलोच्या भावाने घेणं थांबवा – सहकारमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सहकारमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

साहेब, कोल्हापूर भागात माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. साखर कारखान्यांच्या बॉयलरला जे आयडी फॅन (धूर ओढून बाहेर टाकणारे) आणि एफडी फॅन (आत हवा ढकलणारे) असतात त्यांचे इंपेलर, म्हणजे पंख्याचं फिरणारं पात्यांचं चाक, आम्ही बनवतो, आणि सीझन संपला की जुने दुरुस्तीला येतात. एफआरपी, उतारा, साखरेचा कोटा यावर तुमच्याकडे रोज निवेदनं येत असणार, पण ज्या पंख्यावर अख्खा बॉयलर चालतो तो विकत कसा घेतला जातो यावर कोणी बोलत नाही म्हणून मी लिहितोय. मागणी एकच आहे, सहकारी कारखान्यांनी इंपेलर किलोच्या भावाने घेणं थांबवावं.

टेंडर कसं निघतं बघा. डाया अमुक, प्लेट अमुक जाडीची, दर प्रति किलो, झालं. ब्लेड बॅकप्लेटला (ज्या गोल प्लेटवर सगळी ब्लेडं उभी असतात तिला) कसं जोडायचं, वेल्ड सलग की तुटक, बॅलन्सिंग किती बारीक, यावर एक ओळ नसते. मग होतं काय, जो माणूस डोकं लावून कमी वजनात मजबूत इंपेलर करतो त्याचं बिल कमी होतं आणि जो नुसती जाड प्लेट लावतो त्याचं वाढतं. जाड म्हणजे मजबूत हे गेटला, शेडला ठीक आहे. फिरणाऱ्या वस्तूत ब्लेड जड झालं की जोडावरची ओढ पण तेवढीच वाढते, आणि तुटायचं असतं तेव्हा शक्यतो जोडाजवळच तुटतं.

थोडा हिशोब मांडतो. दीड मीटर डायाचा इंपेलर 980 आरपीएमने फिरतोय, ब्लेड 10 किलोचं आणि त्याचा गुरुत्वमध्य मध्यापासून 600 मिमीवर धरा. त्या एका ब्लेडला बाहेर ओढणारं बल सहा टनांच्या वर जातं, आणि ते सगळं अंगावर घेतात दोन बाजूंचे वेल्ड. त्यात वेग वाढला की बल वर्गाच्या पटीत वाढतं. व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारं यंत्र) बसवल्यावर ड्राफ्ट, म्हणजे हवेची ओढ, कमी पडतो म्हणून कोणीतरी 50 हर्ट्झचे 55 करतो, त्याला वाटतं दहाच टक्के वाढवलं, पण जोडावर 21 टक्के जास्त ओढ आली. इंपेलरवर कमाल वेग कोरलेलाच नसेल तर ऑपरेटरला दोष कसा देणार?

आता जोडणीचं. अजून बऱ्याच ठिकाणी बॅकप्लेटवर खडूने रेषा मारायच्या, हेल्परने ब्लेड धरायचं आणि वेल्डरने टॅक मारायचा असं चालतं. त्यात 10 किलोचं एक ब्लेड 5 मिमी सरकलं तरी रिमवर 65-70 ग्रॅमचा फरक पडतो. 300 किलोच्या अशा इंपेलरला बॅलन्सिंगच्या जी6.3 ग्रेडप्रमाणे रिमवर सगळा मिळून साधारण 25 ग्रॅम चालतो. मग तो फरक मारायला वरून वजनं वेल्ड करत बसायचं, म्हणजे चूक तशीच ठेवून वर अजून वेल्ड वाढवायचे.

याला उपाय आहे आणि तो महाग नाही. लेझर कटिंग आता जॉबवर्कमध्ये सगळीकडे मिळतं. ब्लेडच्या कडेला दोन-तीन जीभा ठेवायच्या, बॅकप्लेटला तेवढेच स्लॉट कापायचे, ब्लेड आपोआप जागेवर बसतं, जिग लागत नाही, अंदाज लागत नाही. जीभांमधलं अंतर मुद्दाम कमीजास्त ठेवलं की ब्लेड उलटं बसतच नाही, नवीन पोरगा सुद्धा चुकत नाही. पण स्लॉटचे कोपरे टोकदार ठेवले तर तिथूनच चीर सुरू होते, म्हणून कोपरे गोल हवेत, स्लॉट ब्लेडच्या टोकापासून आत हवा, आणि मागून तो नुसता वरवर लिंपून चालत नाही, पूर्ण खोलीपर्यंत भरला पाहिजे. श्राउडच्या (बॅकप्लेटच्या समोरच्या कड्याच्या) बाजूला अजून एक अडचण असते, मध्याकडे, हबकडे (शाफ्टवर बसणाऱ्या भागाकडे) दोन ब्लेडमधली जागा इतकी अरुंद होते की रॉड आत जातच नाही, वेल्डर जमेल तेवढं करतो आणि आतली बाजू रिकामी राहते. हे ड्रॉइंग काढतानाच ठरवायला लागतं, ब्लेड किती, आधी काय जोडायचं, कुठला जोड बाहेरून स्लॉटमधून घ्यायचा. वेल्डरच्या हातावर सोडून द्यायची गोष्ट नाही ही. वेल्ड पण समोरासमोरची ब्लेडं धरून आलटून पालटून करावे लागतात, एका बाजूने ओढत गेलं की बॅकप्लेट वाकते.

दुरुस्तीला आलेल्या इंपेलरची डीपी टेस्ट (रंग मुरवून चीर शोधायची चाचणी) करताना तुम्ही एकदा प्रत्यक्ष बघावं अशी इच्छा आहे. लाल रंग मारायचा, थांबायचं, पुसायचं, पांढरा डेव्हलपर फवारायचा, आणि दोन मिनिटांत वेल्डच्या कडेला केसासारखी लाल रेघ उमटते. बहुतेक वेळा तुटक वेल्ड जिथे संपतो तिथेच. त्यात बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) राखेतली बारीक वाळू त्याच कोपऱ्याला घासत असते.

एका कारखान्यात (नाव घेत नाही) ऐन गाळपात ब्लेड सुटून केसिंग फाडून बाहेर आलं. सुदैवाने तिथे कोणी उभं नव्हतं. बॉयलर बंद, गाळप बंद, यार्डात गाड्यांची रांग. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं, उतारा पडतो, आणि ते नुकसान किलोचा दर ठरवणाऱ्याचं नसतं, शेतकऱ्याचं आणि बैलगाडी घेऊन थांबलेल्या तोडणी कामगाराचं असतं.

म्हणून विनंती अशी की साखर आयुक्तालयाने मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडून फॅन इंपेलरचं एक आदर्श स्पेसिफिकेशन तयार करून घ्यावं आणि सहकारी कारखान्यांच्या टेंडरला ते जोडायला सांगावं. दर नगाप्रमाणे असावा. ड्रॉइंगमध्ये प्रत्येक जोड दाखवलेला असावा, ब्लेडचे वेल्ड सलग आणि टोकाला गुंडाळून घेतलेले असावेत, डीपी टेस्टचा आणि बॅलन्सिंगचा रिपोर्ट बिलाबरोबर यावा आणि कमाल आरपीएम हबवर पंच केलेला असावा. यातलं काहीही नवीन मशिनरी घेतल्याशिवाय होत नाही असं नाही. आमच्यासारख्या छोट्या वर्कशॉपला सुद्धा हे जमतं, फक्त टेंडरमध्ये लिहिलेलं नसेल तर ते करणाऱ्याचा दर वर जातो आणि ऑर्डर दुसऱ्याला जाते.

ऑफ सीझनच्या दुरुस्तीची टेंडरं गाळप संपलं की लगेच निघायला लागतात, परिपत्रक त्याच्या आधी निघालं तरच येत्या सीझनला उपयोग आहे. स्पेसिफिकेशन करताना माझी स्लॉटची ड्रॉइंग हवी असतील तर मी कसलाही मोबदला न घेता देईन.

आपला,
एक फॅब्रिकेटर, कोल्हापूर