पस्तीला (रद्दीत) घालण्याआधी शाळेचे फोटो आम्हाला दाखवा

सप्रेम नमस्कार,

दिवाळीची साफसफाई आता घरोघरी निघेल. माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतील आणि पस्तीवाला पोळापोळांतून, म्हणजे गल्लीबोळांतून, हाक देत फिरेल. त्याच्या काट्यावर जाण्याआधी त्यातली एक ट्रंक आमच्यासाठी उघडा, एवढं मागायला हे पत्र.

आपल्या वडोदऱ्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या ज्या मराठी शाळांच्या इमारती पाडल्या गेल्या, त्या दिसायला कशा होत्या, कधी बांधल्या, कोणी बांधल्या, हे लिहून काढायचं काम आमच्या मंडळानं दीड वर्षापूर्वी हातात घेतलं. आज त्यातल्या एका जागी सात मजली अपार्टमेंट आहे, एका जागी दुचाक्या लागतात. का पाडल्या, हा वाद आम्हाला उकरायचा नाही. पट घटला होता, तुळयांना वाळवी लागली होती, आणि आपणही आपली मुलं इंग्रजी माध्यमात घातलीच होती की.

लक्ष्मी विलास पॅलेस कोणी आखला म्हणून विचारा, गाइड मँट आणि चिझम ही नावं घडाघडा सांगेल. बडोदा कॉलेजचा घुमट चिझमचा, हेही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो कायदा राज्यभर लागू केला, तेव्हा एवढी पोरं बसवली कुठे? कुणाच्या वाड्याच्या सोप्यात, धर्मशाळेत, देवळाच्या ओवरीत, आणि मग हळूहळू मुद्दाम शाळेसाठी उभारलेल्या इमारतींत. त्यांच्या ओव्हरसियरचं, गवंड्याचं, सुताराचं नाव मात्र कुठल्याच गाइडच्या तोंडी नाही.

एका शाळेच्या पाडकामाच्या वेळी आम्ही राडारोड्यातून एक कौल उचललं होतं. पाठीवर ठसठशीत १८६५. शाळा १८६५ची ठरवून आम्ही पेढेसुद्धा वाटले! पुढे एका जाणत्या इंजिनिअरांनी कान उपटले. मंगळुरूचा बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ साली निघाला, आणि तेच साल त्यांच्या कौलांवर पुढे वर्षानुवर्षं उमटत राहिलं. आता आम्ही शहाणे झालो आहोत. गर्डरवर टाटांचा ठसा असेल तर तो गर्डर १९१२च्या आधीचा असणार नाही, कारण टाटांच्या कारखान्यात पोलाद पहिल्यांदा निघालं ते त्या वर्षी. तोही दुरुस्तीच्या वेळी मागाहून घातलेला असू शकतो, म्हणून एका ठशावर विसंबायचं नाही.

फोटो लागतो तो यासाठी. मागच्या उन्हाळ्यात एका आजींनी सातवीच्या मुलींचा ग्रुप फोटो आणून दिला. "यात शाळा कुठे दिसतेय? आम्हीच दिसतोय," असं म्हणत होत्या. पण मुली बसल्या होत्या दारासमोरच्या पायऱ्यांवर. पायऱ्या पाच. त्यातलाच एक दगड पाडकामानंतर कोपऱ्यावरच्या मारुतीच्या ओट्याला लागला आहे, तो जाऊन मोजला, तर सात इंच उंच. म्हणजे जोतं जवळजवळ तीन फुटांचं. विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी पाहिलेल्या कुणीतरी ते धरलं असावं, असा आमचा आपला तर्क. मागे कमानीची अर्धी खिडकी दिसते, तिच्या वर विटांचे थर मोजता येतात. पाटीवर इयत्ता आणि साल लिहिलेलं होतं, पण नेमकं सालावर बाईंचं डोकं आलंय. त्याच वर्गातल्या दुसऱ्या कुणाकडे दुसरा फोटो निघाला, तर तेही कळेल.

म्हणून "आमच्या फोटोत काही खास नाही" असं म्हणून परत ठेवू नका. गॅदरिंग, बक्षीस समारंभ, स्काउटची रांग, निरोप समारंभ, काहीही चालेल. माणसं तुम्ही बघा, आम्ही मागची भिंत बघू. शाळा सोडल्याचे दाखले, प्रगतिपुस्तकं, फीच्या पावत्या, स्मरणिका हेही हवं. दाखल्यावरचा शाळेचा पत्ता बदललेला दिसला, की शाळा वाड्यातून नव्या इमारतीत कधी गेली याचा अंदाज बांधता येतो. कागद तुमच्यासमोर स्कॅन करून तुमच्याच हातात परत देऊ. ठेवून घेणार नाही.

आणि आठवणीही सांगा. तिघा माजी विद्यार्थ्यांना आम्ही एकाच शाळेचा नकाशा काढायला लावला. तिघांचे नकाशे तीन शाळांचे वाटतात. जिना एकाकडे डावीकडे, दुसऱ्याकडे उजवीकडे, तिसऱ्यानं काढलाच नाही. पण पाण्याचा माठ आणि घंटेचा रुळाचा तुकडा तिघांनीही एकाच कोपऱ्यात दाखवला. तिथपासून आम्ही पुढे निघालो. सिटी सर्व्हेतून जागेची आकृती मिळाली, ती त्या कोपऱ्याशी जुळवून आता वर्ग बसवतो आहोत.

ऑगस्ट २०२४च्या पुरात तळमजल्यावरच्या किती कपाटांचा लगदा झाला, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तुमच्याकडे भिजून चिकटलेले फोटो असतील तर ओढून सोडवू नका, वरचा थर निघून येतो. उन्हात वाळवू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. जसे आहेत तसे आणा. मागे नावं लिहायची असली तर मऊ पेन्सिलीनं, बॉलपेननं नाही.

आता पैशांचं. सरकारी दफ्तरातले गायकवाडी काळाचे बरेच मराठी कागद मोडीत आहेत. आमच्यात मोडी वाचणारे एकच काका, तेही नुकतेच मोतीबिंदूच्या ऑपरेशनमधून उठलेत. मोडी वाचून देणाऱ्याच्या मानधनाला वर्षाचे ३०,००० रुपये, चांगल्या स्कॅनरला २२,०००, आणि नकला, हार्डडिस्क, मोजमाप करणाऱ्या दोन विद्यार्थ्यांचा खर्च धरून एकूण ८५,००० हवेत. पैकी ३१,५०० जमले, ५३,५०० कमी पडताहेत. शंभर रुपयांचीही पावती मिळेल. देणगीवरची ८०जीची आयकर सवलत मात्र आमच्याकडे नाही, आधीच सांगून ठेवतो. देणगीदारांच्या नावांची फरशीही बसवणार नाही, कारण ती बसवायला भिंतच उरलेली नाही.

पैसे जमत नसतील तर एक रविवार द्या. जुनं सागवान विकणाऱ्यांकडे फिरून शाळांची दारं, खांब, कठडे कुणी घेतले, ते शोधायला आम्हाला गुजराती फर्डं बोलणारी माणसं हवी आहेत. आमचं गुजराती ऐकलं की ते भाव वाढवतात.

दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही मंडळाच्या खोलीवर असतो. जिना अरुंद आणि अंधारा आहे. ज्येष्ठांनी वर चढू नये, खालूनच हाक मारावी, आम्ही स्कॅनर घेऊन ओटल्यावर येऊ.

आपले नम्र,
मंडळाचे कार्यकर्ते, वडोदरा