रविवारी तलावपाळी: वेळ बदलली आहे, नीट वाचा

एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजना) सर्व मुलामुलींनो,
थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार असलेल्या मुलांच्या उपचारांसाठी निधी गोळा करायला रविवारी दुपारी ३.३० वाजता गडकरी रंगायतनच्या फाटकापाशी जमायचं आहे. ४ वाजता नव्हे. ‘रिक्षा मिळाली नाही’ चालणार नाही, ठाणे स्टेशनहून चालत येता येतं.

पावतीपुस्तकवाल्यांनो, आयकरात सवलत हवी असलेल्यांचं पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन सुवाच्य अक्षरात लिहा. गेल्या वेळच्या तीन पावत्यांवरचं अक्षर अजून कुणाला लागलेलं नाही (त्यातली एक माझीच). २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही, तेव्हा अशांना आधीच सांगून क्यूआर कोड पुढे करा.

काही थॅलेसेमियाग्रस्त मुलं पालकांसोबत येणार आहेत. त्यांना साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. आजार जन्मजात आहे, संसर्गाचा नाही. बिनधास्त शेजारी बसा, खेळा. पण देणगीची पेटी भरावी म्हणून त्यांना लोकांपुढे उभं करायचं नाही. ‘बिच्चारा’ हा शब्दही नको. फोटो पालकांना विचारूनच.

सर्दी-खोकला असेल त्यांनी घरीच थांबा, मला कळवा, एनएसएसचे तास कापणार नाही.

ओळखपत्र आणि पाण्याची बाटली आणा. वडापाव आमच्याकडून. पेट्या दोघांनी मिळूनच मोजायच्या.