रविवारची झोप आणि चुकलेला तक्ता

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला झोप आणि मधुमेहावरचा लेख वाचला. विषय घेतलात, आभार. पण 'आठवड्याची राहिलेली झोप रविवारी भरून काढा' ही ठळक चौकट छापायची घाई कुणाला झाली होती? लोक नेमकी चौकटच कापून ठेवतात.

२०१९ साली कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच तपासलं होतं. निरोगी तरुणांना कामाच्या दिवसांत रात्री ५ तासच झोपू दिलं, शनिवार-रविवारी हवं तेवढं, आणि पुन्हा ५ तासांवर आणलं. इन्सुलिनला दाद देण्याची शरीराची क्षमता पुन्हा घसरलीच, रात्री जेवणानंतरचं अरबट-चरबट खाणंही परत सुरू झालं. शिवाय रविवारी उशिरापर्यंत लोळलं की त्या रात्री डोळा लागत नाही, म्हणजे सोमवार पुन्हा अर्धवट झोपेवर. उठण्याची वेळ सातही दिवस एकच ठेवा आणि रात्री लवकर आडवे व्हा, एवढं लिहायला चौकटीत जागा होती.

कारणांची बोळवण तर 'ताणामुळे साखर वाढते' या एका ओळीत! झोप तुटली की संध्याकाळी उतरायला हवं ते कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, चढं राहतं. स्नायू साखर नीट उचलत नाहीत, मग स्वादुपिंडाला तेवढ्याच जेवणासाठी जास्त इन्सुलिन सोडावं लागतं. ज्याचं स्वादुपिंड मुळात लेचंपेचं, त्याची साखर इथेच वर जाते. १९९९ मध्ये शिकागोत ११ धडधाकट तरुणांना ६ रात्री फक्त ४ तास अंथरुणात राहू दिलं, तेवढ्यानेही त्यांच्या रक्तातली साखर उतरायला जास्त वेळ लागू लागला.

आणि घोरण्यावर अख्ख्या लेखात अवाक्षर नाही. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं, दिवसा पेंगणं असेल तर ८ तास झोपूनही उपयोग नाही, कारण प्राणवायू कमी पडून झोप रात्रभर तुटत राहते. अशांनी झोपेची तपासणी करून घ्यायला हवी.

जाता जाता, तुमच्या रक्तातल्या साखरेच्या तक्त्यात 'उपाशीपोटी १४० (मिग्रॅ प्रति डेसिलिटर) पर्यंत नॉर्मल' छापलंय. १४० ही ग्लुकोज प्यायल्यानंतर २ तासांची मर्यादा. उपाशीपोटी १०० च्या आत हवी. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था, आणि १२६ किंवा वर पुन्हा तपासूनही आली तर मधुमेह. १३० वाला वाचक काल तुमच्या भरवशावर निर्धास्त झाला असेल. दुरुस्ती पहिल्या पानावर नको, पण राशिभविष्याखालच्या कोपऱ्यातही नको.

आपला,
एक वाचक