तू बाहेर गेल्यावर मॅचमध्ये काय झालं ते सांगतो

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. फुटबॉलच्या सेमीफायनलला लाइन्समनने, म्हणजे कडेला फडका घेऊन उभ्या असलेल्या पंचाने, आपला गोल ऑफसाइड म्हणून रद्द केला, तू त्याच्याकडे धावलास आणि तुला, कोचला, रेड कार्ड मिळालं, त्याबद्दलचाच मेसेज. "तूच सांग, तो ऑफसाइड होता का?" आणि "मी शिवी पण दिली नाही, मग थेट रेड कसलं?" असं लिहिलंयस आणि खाली वेंगर, क्लॉप, मोरिन्यो असे भडकलेल्या कोचचे फोटो टाकलेस. फोनवर आपण दोघं एकमेकांचं बोलणं तोडत बसलो असतो, म्हणून सरळ लिहितोय. लांबलचक होणार आहे, निवांत बसून वाच.

आधी उत्तर देऊन टाकतो. नव्हता ऑफसाइड, म्हणजे पास निघाला तेव्हा आपला फॉरवर्ड त्यांच्या शेवटच्या डिफेंडरच्या पुढे गेलेला नव्हता. अजिबात नव्हता. मी कॉर्नर फ्लॅगच्या बाजूला दोरीपाशी उभा होतो, पास निघाला तेव्हा आपला नऊ नंबर माझ्या आणि लाइन्समनच्या बाजूने पळत होता आणि त्यांचा शेवटचा डिफेंडर पार पलीकडच्या बाजूला, आपल्या पोराच्या चांगला एक पाऊल मागे, गोलच्या जवळ होता. घोळ झाला तो लाइन्समनच्या जागेमुळे. त्याने शेवटच्या डिफेंडरच्या रेषेत असायला हवं, पण आपला काउंटर अटॅक इतका जोरात निघाला की तो दोन-तीन पावलं मागेच राहिला, हाफलाइनकडे. आता मागून तिरकं बघितलं की जवळचा फॉरवर्ड लांबच्या डिफेंडरच्या पुढे गेल्यासारखा दिसतो, अगदी बरोबरीत असला तरी. त्याच्या डोळ्यांना जे दिसलं ते त्याने दिलं. पण दिसलं तेच चुकीचं होतं, कारण तो चुकीच्या जागी उभा होता. त्यामुळे तुझा राग खोटा होता असं मी कधीच म्हणणार नाही. पोरांनी वर्षभर घाम गाळायचा, सेमीफायनलला १-१ असताना सत्तराव्या मिनिटाला असा सुंदर गोल करायचा आणि कोणीतरी फडका वर करून तो पुसून टाकायचा, याचा राग येणार नाही तो कोच कसला!

आणि रेफरी चुकतात, मोठमोठे चुकतात, हे मी तुला सांगायला नको. ऑगस्ट २०२२ ची इंग्लंडमधली चेल्सी-टॉटनहॅम मॅच आठव, टॉटनहॅमच्या रोमेरोने चेल्सीच्या कुकुरेयाचे केस धरून त्याला खाली पाडलं, व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्या पंचाने, काहीच केलं नाही आणि लगेच पुढच्या कॉर्नरवर टॉटनहॅमच्या केनने ९६व्या मिनिटाला २-२ केलं. चेल्सीचा कोच टुकेल पेटला, टॉटनहॅमचा कोच कॉन्टेशी हस्तांदोलन करताना भिडला, दोघांनाही रेड. आणि पुढच्या वर्षी त्या मॅचचा व्हीएआर असलेला माईक डीन स्वतःच म्हणाला की मैदानावरचा रेफरी माझा मित्र, त्याच्यावर आणखी ताण नको म्हणून मी त्याला मॉनिटरकडे पाठवलं नाही. म्हणजे टुकेलला जे वाटत होतं ते शंभर टक्के खरं होतं. तरी मॅच २-२ च राहिली आणि टुकेलला एका मॅचची बंदी आणि ३५ हजार पौंडांचा दंड बसला तो बसलाच.

आता मला जे खरं सांगायचंय ते. तुला रेड दाखवल्यावर तुला पार ड्रेसिंग रूमच्या मागे पाठवलं, त्यामुळे पुढची वीस मिनिटं तू पाहिलीच नाहीस. मी पाहिली. ती तुला कोणी सांगितली असतील असं वाटत नाही, पोरं तर सांगणारच नाहीत.

तू लाइन्समनकडे धावलास तेव्हा आपले चार जण तुझ्या मागोमाग आले. कॅप्टन तर रेफरी आणि तुझ्या मधेच उभा राहिला, तुला मागे खेचू की रेफरीशी भांडू हेच त्याला कळेना. मग तू गेलास, शिट्टी वाजली, खेळ सुरू झाला, आणि आपला डावा बॅक अजून मान वळवून तू गेलास त्या दिशेला बघत होता. तोच, टीममधला सगळ्यात लहान. पहिल्या हाफपासून तू त्याला ओरडून सांगत होतास ना, त्यांचा सात नंबर आत कट मारतो, त्याला बाहेर ने, बाहेर ने. मी पाहत होतो, दरवेळी सात नंबरकडे बॉल गेला की पोरगं एक नजर बेंचकडे टाकायचं आणि तुझा हात बघून जागा घ्यायचं. तू गेल्यावरही टाकली नजर त्याने. बेंचवर पाण्याच्या बाटल्या आणि कीट सांभाळणारे काका. सात नंबर आत आला, उजव्या पायाने लांबच्या पोस्टला मारला, २-१.

त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. आपल्या आठ नंबरच्या पोटऱ्या आखडल्या होत्या, तो पाय ओढत होता, आणि तू पासष्टाव्या मिनिटालाच बदली पोराला वॉर्मअपला पाठवलं होतंस. ते पोरगं टचलाइनच्या बाजूने धावतच राहिलं. धावायचं, थांबायचं, मोजे वर ओढायचं, बेंचकडे बघायचं, परत धावायचं. मॅच संपेपर्यंत. त्याला आत घ्यायला सांगणारं कोणी उरलंच नव्हतं ना! काकांना बिचाऱ्यांना काय माहीत खेळाडू बदलायची चिठ्ठी कोणाला द्यायची ते.

म्हणून मला ते फोटो पटले नाहीत रे. राग मला मान्य आहे, पण त्या फोटोंमध्ये पुढचं काही दिसत नाही. वेंगरचंच घे, मँचेस्टर युनायटेडचं मैदान ओल्ड ट्रॅफर्ड, २९ ऑगस्ट २००९, त्याची आर्सेनल २-१ ने मागे, अगदी शेवटी व्हॅन पर्सीचा गोल ऑफसाइड दिला आणि वेंगरने बाटलीला लाथ मारली. स्टँडमध्ये जा म्हणाले, कुठे जायचं ते कोणी सांगेना, म्हणून तो हात पसरून युनायटेडच्या प्रेक्षकांमध्ये उभा राहिला. मोठा वाटतो तो फोटोत, मलाही वाटतो. पण बाकी होती जेमतेम मिनिटभराची मॅच, आणि टीम होती आर्सेनल, तिथे बेंचवर सांभाळायला माणसं होती. तुझ्याकडे वीस मिनिटं बाकी होती आणि तू सोडून कोणी नव्हतं. क्लॉपचं पण तसंच. ऑक्टोबर २०२२, त्याची लिव्हरपूल मँचेस्टर सिटीविरुद्ध १-० ने पुढे असताना सालाहवरचा फाउल दिला नाही म्हणून तो लाइन्समनच्या तोंडावर जाऊन ओरडला, रेड मिळालं, आणि मॅचनंतर स्वतःच म्हणाला की कार्ड बरोबर होतं, माझा तोल गेला. हे कोणी फोटोखाली लिहीत नाही.

मोरिन्योचा फोटो तर तू टाकायलाच नको होतास. २०२३ ची बुडापेस्टची युरोपा लीग फायनल, त्याची रोमा सेव्हियाकडून पेनल्टीजवर हरली, हँडबॉलची पेनल्टी दिली नाही म्हणून मोरिन्यो नंतर पार्किंगमध्ये जाऊन रेफरी अँथनी टेलरला शिव्या देत होता. त्याला चार मॅचची बंदी आली. पण दुसऱ्या दिवशी विमानतळावर टेलर बायकोमुलांसोबत असताना रोमाच्या चाहत्यांनी त्याला घेरलं, वस्तू फेकल्या, खुर्ची पण भिरकावली. मोरिन्योने कोणाला जा आणि मारा असं सांगितलं नव्हतं, पण कोच बोलतो ते त्याच्यापाशीच थांबत नाही, त्याच्या मागे उभी असलेली माणसं ते ऐकत असतात.

आणि हे मला तुला सांगायलाच हवं. मॅच संपल्यावर आपला अकरा नंबर, पंधरा वर्षांचं पोरगं, लाइन्समनजवळून जाताना त्याला जे बोलला ते तुझं वाक्य होतं. शब्दाला शब्द. तू बोट नाचवत बोललास तसंच बोट नाचवून. तो लाइन्समन पण काय फार मोठा नव्हता, कॉलेजातला असेल, फडका गुंडाळत होता आणि तीन वेळा गुंडाळूनही त्याला तो नीट गुंडाळता येत नव्हता. अल्मेरे आठवतं ना तुला, नेदरलँड्समधलं, डिसेंबर २०१२? पोरांची मॅच, आणि मॅचनंतर पोरांनीच लाइन्समनला इतकं मारलं की दुसऱ्या दिवशी तो गेला. तो लाइन्समन कोणी व्यावसायिक नव्हता, खेळणाऱ्या एका पोराचा बाप होता. आपली पोरं तशी नाहीत हे मला माहितीये. पण मी त्या अकरा नंबरचं तोंड पाहिलं आणि पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू.

आता तुझा दुसरा मुद्दा, की "मी शिवी पण दिली नाही, मग थेट रेड कसलं?" नियम काढून बघ. २०१९ पासून कोच आणि बेंचवरच्या लोकांनाही यलो-रेड दाखवतात. टेक्निकल एरियात, म्हणजे बेंचसमोर कोचसाठी आखलेल्या चौकटीत, राहून नापसंती दाखवलीस, उपहासाने टाळ्या वाजवल्यास, बाटली लाथाडलीस तर यलो. पण निषेध करायला मुद्दाम टेक्निकल एरिया सोडून अधिकाऱ्याकडे गेलास की थेट रेड, तोंडातून काय निघालं याचा संबंधच नाही. तू दहा-बारा पावलं धावत गेलास मित्रा. रेफरीला दुसरा पर्यायच ठेवला नाहीस. तो ऑफसाइडचा निर्णय चुकला, तुझ्या कार्डाचा चुकला नाही. आणि बेंचवरून कोणी काही केलं आणि कोणी केलं ते कळलं नाही, तर ते कार्डही तिथल्या मुख्य कोचलाच मिळतं, हेही लक्षात ठेव, म्हणजे काकांनाही सांगून ठेव.

शिवाय एक गोष्ट. खेळ परत सुरू झाला की रेफरीला आपला निर्णय बदलताच येत नाही, त्याला स्वतःला चूक कळली तरी. लिव्हरपूलचं काय झालं, ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅमविरुद्ध? डियाझचा चांगला गोल मैदानावर ऑफसाइड दिला, व्हीएआरवाल्याला वाटलं मैदानावर गोलच दिलाय, म्हणून त्याने चेक पूर्ण म्हणून सांगून टाकलं आणि फ्री किक घेतली गेली. काही सेकंदांत तिथल्या सगळ्यांना चूक समजली, रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं ते, त्यांची तारांबळ ऐकवत नाही. पण बॉल खेळात आला होता, संपलं. लिव्हरपूल २-१ हरली. ज्यांना सत्य माहीत होतं आणि ज्यांच्या हातात सगळी यंत्रणा होती त्यांनाही तो निर्णय फिरवता आला नाही, मग आपल्यासारख्यांच्या मॅचमध्ये, जिथे कॅमेराच नाही, तिथे तू लाइन्समनला कितीही सुनावलंस तरी काय हाती लागणार होतं? म्हणून म्हणतो, फडका वर गेल्यापासून फ्री किक घेईपर्यंतचा तो अर्धा मिनिट तुझ्या पोरांचा होता, त्यात त्यांना जागेवर आणायचं होतं.

केरला ब्लास्टर्सचा कोच वुकोमानोविच, त्याच्यावरून आपण किती भांडलो होतो! ३ मार्च २०२३, बेंगळुरूविरुद्ध केरला ब्लास्टर्स, छेत्रीने ९६व्या मिनिटाला पटकन फ्री किक मारली, खेळाडूंची भिंत उभी राहायच्या आत, आणि याने अख्खी टीम मैदानाबाहेर बोलावली. तू तेव्हा म्हणालास, हा खरा बाप माणूस, टीमसाठी उभा राहिला. मला आजही त्याच्याबद्दल माया आहे. पण एक्स्ट्रा टाइमची चोवीस-पंचवीस मिनिटं बाकी होती रे! त्याला १० मॅचची बंदी, ५ लाख दंड, क्लबला ४ कोटी, आणि नंतर त्याने जाहीर माफीही मागितली. त्या पंचवीस मिनिटांत एक गोल झाला असता की नाही हे आता कोणालाच कळणार नाही. मला पैशांपेक्षा तेच जास्त टोचतं.

तू थंड बसून राहा असं मी म्हणत नाहीये, तसा कोच मलाही आवडत नाही. ओरड, जागेवरून ओरड, पाय आपट, फोर्थ ऑफिशियल, म्हणजे मैदानाबाहेरचा चौथा पंच, असेल तर त्याला नीट विचार की लाइन्समन रेषेत होता का. हाफटाइमला कॅप्टनला रेफरीकडे पाठव. फक्त त्या चौकटीतून बाहेर पडू नकोस, कारण तू तिथे असलास तरच डाव्या बॅकला तुझा हात दिसतो.

आता कामाचं. रिपोर्ट लिहिताना गोल द्यायला हवा होता यावर एक ओळ पण खर्च करू नकोस, खेळातल्या घटनेवरचा रेफरीचा निर्णय अंतिम असतो, तो बदलत नाहीत. लाइन्समन कुठे उभा होता ते लिही, मिनिट लिही, आणि पुढच्या मॅचला अनुभवी लाइन्समन मिळावेत एवढी विनंती कर. भाषा साधी ठेव, पाठवायच्या आधी मला दाखव. त्या लाइन्समनला दोन ओळी लिहाव्यात असं मला मनापासून वाटतं, निर्णयाबद्दल नको, तू अंगावर धावून गेलास त्याबद्दल. अकरा नंबरला पण सोबत घेऊन लिही.

तिसऱ्या क्रमांकाच्या मॅचला तू बेंचवर नसणार, म्हणून काकांच्या सोबत कोण बसणार ते आजच ठरव, मी यायला तयार आहे. कोणाला कधी बदलायचं, सात नंबरसारखा कोणी आला तर काय सांगायचं, सगळं कागदावर लिहून दे, मी तसंच्या तसं करीन. आणि ते वॉर्मअप करत राहिलेलं पोरगं, त्याला या मॅचला पहिल्या मिनिटापासून खेळव. एवढं ऐक माझं.

तुझाच