मनू, तिन्ही लिंका बघितल्या, आता हे वाच

प्रिय मनू,

बँकॉकला राहायला म्हणून तू पाठवलेल्या हॉटेलांच्या तिन्ही लिंका बघितल्या. आईनेपण बघितल्या, तिला ती गुलाबी भिंतवाली रूम आवडलीये आणि मला नाही, त्यामुळे घरात दोन पार्ट्या झाल्यात. फोनवर सांगायला गेलं की तू हो बाबा हो बाबा करत मीटिंगमध्ये घुसतेस म्हणून लिहूनच पाठवतोय, सावकाश वाच आणि तुझ्या मैत्रिणीलाही दाखव कारण अर्धे पैसे तिचे आहेत.

माझी इतकी वर्षं स्टँडसमोरच्या लॉजच्या काउंटरमागे गेली, त्यामुळे बँकॉकची माहिती मला तुझ्याइतकी नसेल (आई आणि मी गेलो होतो ते तसं धावतपळतच) पण खोली स्वस्त का असते ते मला पक्कं माहित्ये. खोली लांब असते, नाहीतर आवाजाची असते, नाहीतर खोलीतच काहीतरी उणं असतं, लहान असते, खिडकी नसते, जिना चढावा लागतो. फुकट कोणी काही देत नाही. मग आपण काय करायचं, तर कुठलं उणं आपल्याला चालेल ते आधी ठरवायचं आणि मग ॲप उघडायचं. तुम्ही दोघी उलटं केलंय, आधी भाव लावला कमी ते जास्त आणि वरची तीन उचलली. माझं मत विचारशील तर खोलीतलं उणं चालेल, जागेतलं नको. खोलीत तुम्ही झोपायला जाणार, पण रोज रात्री दमून परत यायचा रस्ता तर टळणार नाही ना.

आता पहिली लिंक, खाओ सान रोडची, साडेपाचशे बाट. बाट साधारण अडीच ते तीन रुपयांच्या मधे धर, म्हणजे दीड हजाराच्या आसपास, दोघींत वाटून तर काहीच नाही, कबूल. पण खाओ सान म्हणजे रात्रभर गाणी आणि दारूचे ठेले, पाठीवर सॅक घेऊन फिरणाऱ्या गोऱ्या पोरांचा तो जुना अड्डा आहे. आवाज एकवेळ चालेल, तुम्ही झोपता तरी कधी म्हणा. पण तिथे जवळ ना स्कायट्रेन (खांबांवरून धावणारी) ना मेट्रो. सगळ्यात जवळची मेट्रो म्हणजे साम योत, चालत वीस-पंचवीस मिनिटं, आणि बँकॉकच्या दमट उकाड्यात ती पंचवीस मिनिटं काय असतात ते तिथे गेल्यावर कळेल. राजवाडा जवळ पडतो एवढंच, पण राजवाडा तुम्ही एक दिवस बघणार, बाकीचे दिवस सियाम, चातुचक, चायनाटाउन करत फिरायचंय आणि दरवेळी टॅक्सी नाहीतर टुकटुक करावी लागणार, संध्याकाळचं तिथलं ट्रॅफिक बघितलंस तर पुण्याच्या युनिव्हर्सिटी चौकाला नावं ठेवणं सोडशील. शिवाय ती इमारत जुन्या दुकानघरांपैकी आहे, खाली दुकान वर खोल्या, अरुंद जिना, लिफ्ट नाही, रूम चौथ्या मजल्यावर. तुझी ती मोठी लाल बॅग कोण चढवणार?

दुसरी ती गुलाबी भिंतवाली, ओन नुतची. वरती स्विमिंग पूल, खोलीत वॉशिंग मशीन, आई त्यालाच भुलली. फोटो सुंदर आहेत नाकारत नाही. पण नीट वाच, ते हॉटेल नाहीच, कोणाचातरी फ्लॅट आहे कॉन्डो बिल्डिंगमधला. थायलंडमध्ये २००४ चा हॉटेल कायदा आहे, हॉटेलचं लायसन्स नसताना असे फ्लॅट रोजच्या हिशोबाने भाड्याने देता येत नाहीत, महिन्याने द्यायचे. तरी ॲपवर ढिगाने असतात. कित्येक बिल्डिंगमध्ये खाली बोर्डच लावलेला असतो की डेली रेंट चालणार नाही, आणि मग मालक मेसेज करतो की वॉचमनने विचारलं तर सांगा मैत्रिणीकडे आलोय, चावी अमुक पेटीत आहे, कोड तमुक. परक्या देशात पहिल्याच सकाळी दोन पोरींनी वॉचमनशी खोटं बोलायचं, कशासाठी, पूलसाठी? तुला तर पोहता पण येत नाही! काही बिघडलं, एसी बंद पडला, तर खाली काउंटरवर माणूस नाही. मला काउंटरवर माणूस लागतो, रात्री अडीचला सुद्धा, भले पेंगत असेना.

तिसरी लिंक रात्चाथेवी स्टेशनजवळची, साडेअकराशे बाट. तुम्ही ती शेवटी टाकलीये आणि खाली लिहिलंय "बोअरिंग आहे". आहेच. खोली चौदा स्क्वेअर मीटर, खिडकी उघडली की समोर भिंत. पण मॅप उघड आणि बघ. सुवर्णभूमी विमानतळाच्या तळघरातून एअरपोर्ट रेल लिंक सुटते ती अर्ध्या तासात फाया थाईला सोडते, तिकीट ४५ बाट, आणि फाया थाईपासून रात्चाथेवी स्कायट्रेनने एकच स्टेशन. त्याच्या पुढचं स्टेशन सियाम, तिथे स्कायट्रेनच्या दोन्ही लाइन भेटतात, दुसरी लाइन पकडलीत की साफान ताक्सिनला उतरून थेट नदीवरच्या बोटीत, आणि बोटीने राजवाडा, वाट अरुण (तिकडे वाट म्हणजे देऊळ) सगळं. मेट्रोनेच जायचं असेल तर साला देंगला उतरून मेट्रो धरा, सनाम चाई स्टेशन वाट फोच्या बाजूलाच आहे, ती लाइन जुन्या शहरापर्यंत २०१९ मध्ये गेली, त्याआधीचे ब्लॉग वाचत असशील तर त्यात नसेल. आणि हॉटेलजवळच हुआ चांगचा धक्का आहे, तिथून सेन सेप कालव्याची बोट मिळते, एकदा तरी बसाच, लोक बोटीत दोऱ्या धरून कडेने चढतात, पाणी उडू नये म्हणून प्लास्टिकचा पडदा ओढतात, तिकीट अगदी किरकोळ. फक्त ती संध्याकाळनंतर लवकर बंद होते.

तुझ्या मैत्रिणीचा दादा प्रातूनाम म्हणतोय ना, तेही वाईट नाही. आपल्याकडचे टूरवाले तिथेच उतरवतात, कपड्यांचा होलसेल बाजार आहे, डाळ-रोटी पावलोपावली. पण स्कायट्रेन जरा लांब आणि रस्ता कायम तुंबलेला. नाना, सुखुमवित सोई ४ (सोई म्हणजे गल्ली) वगैरे स्वस्त दिसलं तरी नको. तिथे रात्री काय चालतं ते तुलाही माहित्ये, भीतीबिती नाही, पण पहाटेपर्यंत खाली धिंगाणा आणि रोज त्यातून वाट काढत घरी यायचं, काय मजा.

आणि हॉटेल स्टेशनपासून ४०० मीटर असं ॲप म्हणतं ते सरळ रेषेत मोजलेलं असतं. बँकॉकच्या सोई बऱ्याचदा पुढे बंद असतात, मधे कालवा नाहीतर कोणाची भिंत, मग वळसा. म्हणून मॅपवर चालायचा रस्ता टाकून बघायचं आणि स्ट्रीट व्ह्यूमध्ये सोईत शिरून बघायचं, फुटपाथ आहे का, दिवे आहेत का, कोपऱ्यावर सेव्हन इलेव्हनचं दुकान आहे का (असणारच). तुम्ही गणपती झाले की निघणार, म्हणजे ऐन पावसात. सप्टेंबर तिथे सगळ्यात जास्त पावसाचा, संध्याकाळी धो धो येतो आणि तासाभरात सखल सोईत पाणी भरतं. हॉटेल सोईच्या आत खोलवर असेल तर चपला हातात.

आता तारखेचं बोलू, लोक इथे हमखास घोळ घालतात. तुमचं विमान रात्री साडेअकराला सुटतंय, चार-साडेचार तास प्रवास, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचच्या सुमारास उतरणार. हॉटेलचं चेक-इन दुपारी दोनला. आपल्या लॉजसारखं चोवीस तासांचं तिथे नसतं, की सकाळी सहाला आलात तर उद्या सहाला सोडा. दोन पर्याय आहेत, एक तर आदल्या रात्रीपासून बुकिंग करायचं आणि मेल टाकून ठेवायचा की आम्ही पहाटे येणार, नो-शो, म्हणजे आलेच नाहीत असं, धरू नका, नाहीतर बॅगा काउंटरला ठेवून तोंड धुऊन फिरायला निघायचं. तुमच्या वयात दुसरं. हॉटेलं बॅगा ठेवून घेतात, त्याचे पैसे बहुतेक लावत नाहीत. आणि गोड बोलून विचारलंत, रात्रीची रूम रिकामी असेल तर दहा-अकरालाच देतातही, पण ते झाडलोट करणाऱ्या बायकांच्या हातात असतं, काउंटरवरच्या पोराच्या नाही, त्यामुळे त्याच्याशी भांडायचं नाही.

बुक करायच्या आधी हॉटेलला चार ओळींचा मेल टाक. ट्विन हवंय, म्हणजे दोन वेगळे बेड, नाहीतर डबल म्हणून एकच देतील. वरचा मजला, लिफ्टपासून लांब. खिडकी आहे का आणि उघडते का. बाजूला बांधकाम चालू आहे का. यावर उत्तर काय येतं यापेक्षा कसं येतं ते बघ, दोन दिवसांत उत्तरच नाही तर तिथे रात्री नळ गळायला लागला तरी कोणी येणार नाही. आणि मेल केल्याचा आणखी फायदा म्हणजे रजिस्टरमध्ये तुमच्या नावापुढे खूण होते. सगळ्यात स्वस्त दराने आलेला, उशिरा पोचलेला, काही न बोललेला गिऱ्हाईक, त्याला आम्ही लिफ्टशेजारची खोली द्यायचो, जगभर तेच असणार.

रिव्ह्यू वाचताना दहापैकी दहावाले सोड, एकवाले पण सोड, सहा-सातवाले वाच, तेही गेल्या पावसाळ्यातले. कुबट वास, मुंग्या, एसीतून पाणी, असले शब्द दोनतीन जणांनी लिहिले असतील तर खरंय समज. हॉटेलच्या फोटोपेक्षा गेस्टने काढलेले बघ, त्यातही बाथरूमचे. जेट स्प्रेची काळजी नको, थायलंडात तो सगळीकडे असतो, या बाबतीत ते आपलेच.

पैशाचं थोडं. ॲपवरचा आकडा बघताना टॅक्स धरून आहे का बघ, काही ठिकाणी भावापुढे दोन अधिकची चिन्हं असतात, त्याचा अर्थ १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि वर ७ टक्के व्हॅट. फ्री कॅन्सलेशनवालं घे, शंभर बाट जास्त गेले तरी. चेक-इनला डिपॉझिट मागतात, पाचशे ते हजार बाट, ते रोख द्या आणि पावती घ्या, कार्डावर ब्लॉक केलं की सुटायला दिवस लागतात. पासपोर्ट दाखवायचा, कॉपी काढू द्यायची, परदेशी गेस्टची नोंद त्यांना इमिग्रेशनला कळवावी लागते, पण पासपोर्ट डिपॉझिट म्हणून ठेवून घेतो म्हणाले तर नाही म्हणायचं. कार्ड मशीनने रुपये की बाट विचारलं तर बाट. एटीएममधून परत परत काढू नका, दरवेळी दोनशेच्या वर बाट कापतात, एकदाच काय ते काढा.

रूममध्ये शिरलात की बॅगा आधी बाथरूममध्ये, मग चादर उचलून गादीच्या शिवणी मोबाइलच्या टॉर्चने बघा, ढेकूण असतील तर काळे ठिपके दिसतात. मग आगीबिगीत उतरायचा जिना कुठे आहे तो बघा, त्याच्या दाराला कुलूप तर नाही ना. मग इन्स्टाग्राम. ड्युरियन फळ रूमवर आणायचं नाही, वासामुळे दंड लावतात.

निघायच्या आधी थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचंय, १ मे २०२५ पासून सक्तीचं आहे, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, त्यात राहायचा पत्ता लागतो म्हणून हॉटेल आधी पक्कं हवं. ते फुकट असतं, पैसे मागणारी साइट दिसली तर ती खोटी. व्हिसाचे नियम तिकडे बदलत असतात, ते एम्बसीच्या साइटवरच बघ, कुणाच्या रीलवर नाही.

एक गोष्ट मात्र ओरडून सांगतोय असं समज. हॉटेलच्या लॉबीत कोणी आपला भारतीय भेटेल, गोड बोलेल, आणि निघताना म्हणेल माझी ही एवढी पिशवी मुंबईला घेऊन जा, माझा भाऊ घ्यायला येईल. नाही म्हणायचं. बँकॉकच्या विमानातून आलेला हायड्रोपोनिक गांजा मुंबई विमानतळावर पकडला, ही बातमी पेपरात सारखी येते, आणि ज्याच्या हातात पिशवी तोच आत जातो. चॉकलेटचा डबा असला तरी नाही, रडायला लागला तरी नाही.

तर तिसरं हॉटेल घ्या असं माझं म्हणणं. दुपटीहून जास्त वाटतं, पण दोघींत वाटलं की पहिल्यापेक्षा माणशी रोजचे तीनशे बाट जास्त पडतात, आणि खाओ सानहून रोजच्या टॅक्सीत त्यातले निम्मे तरी जातीलच. मेल आज रात्रीच टाक, उत्तर आलं की मला फॉरवर्ड कर, आणि ठरलं की बाकीची दोन धरून ठेवली असतील तर लगेच कॅन्सल कर, दोन-दोन बुकिंग धरून बसू नकोस, तिकडेही कोणीतरी रजिस्टर घेऊन बसलेलं असतं.

तुझा,
बाबा

ता.क. टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५, दोघींच्याही फोनमध्ये टाक. आणि आई विचारतेय की शेंगदाण्याची चटणी अर्धा किलो पुरेल का, तिला सांग पाव किलो बास.